दोन हात, दोन चक्र्या

वसंत व्याख्यानमालेला कामगार चळवळीतला माणूस बोलावला, की तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत नाहीतर संपाचा इतिहास यांपैकी एका विषयावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्हीही आजवर तेच केले. म्हणून यंदा आमचा विषय 'यो-यो' असा छापला गेला तेव्हा चिटणिसांनी निरोप पाठवून विचारले, की छपाईची चूक तर नाही ना! चूक नव्हती. जत्रेत दोरी बांधलेली लाकडी चक्री मिळते, खाली सोडली की घरंगळत जाते आणि वर येते, तीच ही वस्तू. साऱ्या जगात तिला यो-यो म्हणतात. आम्ही पुढे चक्रीच म्हणणार आहोत, तोंडाला ते सोपे पडते. त्या चक्रीच्या खेळात एक जुना आणि अवघड प्रकार आहे. दोन्ही हातांत एकेक चक्री घ्यायची, दोन्ही पुढे फेकायच्या, परत आल्या की हातात न धरता मनगटाच्या वळशाने पुन्हा पुढे धाडायच्या, आणि हे न थांबता चालू ठेवायचे. इंग्रजीत एका हाताच्या प्रकाराला 'लूप द लूप' म्हणतात. आम्ही दोन्ही हातांच्या प्रकाराला 'दुहाती वळसे' म्हणू. पन्नाशी उलटल्यावर तो शिकायला आम्हांला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत काय समजले, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम यंत्र समजून घ्यावे. आमची सवयच तशी आहे, खात्यात नवे मशीन आले की आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायची. चक्री म्हणजे दोन तबकड्या आणि मध्ये एक आस. जुन्या काळी दोरी त्या आसाला घट्ट बांधलेली असे. चक्री खाली जाई, दोरी संपे आणि ती तशीच वर येई, यापलीकडे तिच्याकडून काही करवून घेता येत नसे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या ग्रीक भांड्यावर अशी चक्री खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत सरदार-दरकदारांमध्ये ह्या खेळाचे वेड होते आणि इंग्लंडातही तो 'बँडलोर' ह्या नावाने चाले. फिलिपाइन्स बेटांत जी चक्री खेळत, तिच्यात मात्र एक लहानसा फरक होता, आणि साऱ्या खेळाचे मर्म त्यातच आहे. तेथे दोरी आसाला बांधत नसत. एकच लांब दोरी मधोमध दुमडून तिला पीळ देत, आणि दुमडलेल्या टोकाचा जो फासा उरतो तो आसाभोवती नुसता अडकवत. त्यामुळे चक्री खाली पोचली की आस त्या फाशात मोकळा फिरत राहतो. खेळणारे म्हणतात, चक्री झोपली. हाताने हलकासा झटका दिला की दोरी क्षणभर सैल पडते, फासा आसाला पकडतो, दोरी गुंडाळू लागते आणि चक्री वर येते.

वळशांच्या प्रकारात चक्रीला झोपू द्यायचे नसते. ती पुढे जाते, दोरी संपते त्या क्षणीच परत निघते, आणि परत येताना तिच्या अंगच्या फिरण्यातली शक्ती दोरी गुंडाळण्यात खर्च होते. हाताजवळ येईपर्यंत ती थकलेली असते. तेथे मनगटाचा जो ठोका बसतो तो दोन कामे एकदम करतो. चक्रीची दिशा फिरवतो आणि खर्ची पडलेली गती भरून देतो. ठोका कमी पडला तर चक्री पुढच्या खेपेला अर्ध्यावरच लुळी पडते. जास्त झाला तर ती सुसाट परत येते आणि आपण गोंधळतो. रोजच्या रोज मिळवायचे आणि रोजच्या रोज खर्च करायचे, शिल्लक काही नाही, असा हा रोजंदारीचा व्यवहार आहे.

एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' ह्या अवकाशयानातून काही खेळणी नेली होती, त्यांत चक्रीही होती. वजनच नसल्यामुळे ती दोरीच्या टोकाशी झोपेना, टोकाला पोचली की लगेच माघारी येई. पण दोरीवरून पुढे जाणे आणि परत येणे तिला झकास जमले. म्हणजे वळशाच्या खेळाला पृथ्वीची मदत लागत नाही, सारे काम हाताचे. आम्हांला ही माहिती फार आवडली.

आता ज्या माणसाने ही चक्री जगाच्या बाजारात आणली त्याच्याविषयी. पेद्रो फ्लोरेस हा १८९६ साली फिलिपाइन्सच्या उत्तरेकडील इलोकोस नोर्ते प्रांतात जन्मला आणि १९१५ मध्ये अमेरिकेला गेला. काही काळ कायद्याचा अभ्यास केला, तो सोडावा लागला, आणि पुढे कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे त्याने हॉटेलात सामान उचलणाऱ्या पोऱ्याची नोकरी धरली. १९२८ साली त्याने आपल्या गावाकडची चक्री बनवून विकायला सुरुवात केली. पहिल्या काही चक्र्या हातानेच कोरलेल्या होत्या. पुढल्या वर्षाअखेर त्याचे तीन कारखाने आणि सुमारे ६०० कामगार होते असे नमूद आहे. लवकरच डोनाल्ड डंकन नावाच्या व्यापाऱ्याने तो धंदा विकत घेतला. ही चक्री म्हणजे फिलिपाइन्सच्या जंगलातले शस्त्र होते, अशी एक कथा विक्रीच्या भरात पसरली आणि अजून लोक ती सांगतात. तिला पुरावा नाही. डंकनने गावोगाव खेळ करून दाखवणारे तरुण नेमले. त्यांत पुष्कळजण फिलिपिनो होते. दुकानासमोर उभे राहून खेळ करायचे, मुलांच्या चक्र्यांवर नक्षी कोरून द्यायची, स्पर्धा घ्यायच्या. स्पर्धेत दोघे बरोबरीत राहिले तर ज्याचे वळसे जास्त, तो जिंकला.

आमच्यासारख्याचे लक्ष येथे खेळावरून थोडे ढळते. ज्या वर्षांत हे फिलिपिनो तरुण रस्त्यावरच्या गर्दीची वाहवा घेत होते, त्याच वर्षांत त्याच कॅलिफोर्नियात त्यांचे भाऊबंद शेतांवर वाकून पालेभाजी तोडत होते. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल गावी त्यांच्याविरुद्ध दंगल झाली आणि फेर्मिन तोबेरा हा शेतमजूर गोळीने मेला. १९३४ च्या कायद्याने फिलिपाइन्समधून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला ५० वर आणली. हाताचे कौतुक आणि हातवाल्याला मज्जाव! १९२९ साली तिकडे गेलेला लॅरी इतलियोंग नावाचा एक मुलगा पुढे मजुरांचा पुढारी झाला. अलास्कात काम करताना अपघातात त्याची तीन बोटे गेली होती आणि लोक त्याला 'सात बोट्या' म्हणत. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो येथे द्राक्षमळ्यांवरच्या फिलिपिनो मजुरांनी त्याच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. आठ दिवसांनी सेझार चावेझचे मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले, आणि १९७० साली मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. त्याच १९६५ साली अमेरिकेतल्या एका वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला, की 'यो-यो' हा शब्द आता सगळ्यांचा आहे, कोणा एका कंपनीचा शिक्का त्यावर चालणार नाही. डंकनची कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे आम्हांला कळते. पण दोन्हींची तारीख आम्ही एकाच वहीत लिहून ठेवली आहे.

सात बोट्याचे नाव आम्ही उगाच घेतले नाही. आमच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे शेवटचे पेर नाही. बाविसाव्या वर्षी पॉवर प्रेसवर असताना ते गेले. मशीनला गार्ड होता, पण उत्पादन कमी पडते म्हणून तो काढून ठेवलेला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेले एक परिशिष्ट होते. त्यात कोणत्या बोटाचे किती पेर गेले की कमाईची शक्ती किती टक्के घटली, ते ओळीने छापलेले असे. अंगठा ३० टक्के. तर्जनी सबंध गेली तर १४, दोन पेरे ११, एक पेर ९. मधल्या बोटाचे एक पेर ७ टक्के. आम्ही इंग्रजी वाचायला शिकलो ते ह्या परिशिष्टावरून, नगरवाचनालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून. आपला डावा हात कागदोपत्री किती उरला, हे समजल्यावर पुढचे इंग्रजी वाचण्याची ईर्षा आपोआप आली.

असो. चक्री आमच्या हाती आली ती एका मुलामुळे. चौदा महिन्यांपूर्वी युनियनच्या कचेरीत एक पोरगा येऊ लागला. वय एकवीस. कंत्राटदाराकडे प्रेसवर होता. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाचे एक पेर गेलेले. कंत्राटदार म्हणे, हा आमच्या हजेरीपटावरच नाही. तेव्हा दावा आला, तारखा आल्या. मुलगा रोज सकाळी येई, बाकावर बसे आणि उजवा हात पँटच्या खिशात घालून ठेवी. चहा डाव्या हाताने घेई. सही करायची वेळ आली की हात बाहेर काढण्याऐवजी डाव्या अंगठ्याचा ठसा देऊ का म्हणून विचारी. दहावी पास मुलगा! दवाखान्यात त्याला बोटांचा व्यायाम सांगितला होता, रबरी चेंडू दाबायचा. चेंडू आमच्या टेबलाच्या खणात पडून होता. आमची नात एकदा कचेरीत आली आणि तिची चक्री विसरून गेली. आम्ही ती सहज हातात घेतली, फेकली, आणि ती परत येऊन आमच्या चष्म्यावर बसली. पोरगा तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक चक्री विकत आणली.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू.

दोरीची लांबी आधी ठरवावी. चक्री जमिनीवर टेकवून दोरी ताणावी आणि बेंबीपाशी कापावी, असा नवशिक्यासाठी नियम आहे. वळशांसाठी ती याहून थोडी आखूडच बरी. वरच्या टोकाला एक गाठ मारून जे लहान कडे होते, त्यात बोट घालू नये. दोरीच त्या कड्यातून ओढून घ्यावी म्हणजे सरफास तयार होतो, तो मधल्या बोटात घालावा. फास बोटाच्या मधल्या पेरावर बसवतात. आमच्या डाव्या बोटाला मधले पेर हेच टोक, तेथे फास घसरून जाई आणि चक्री फासासकट खिडकीबाहेर. म्हणून तो आम्हांला मुळाच्या पेरावर घ्यावा लागला. तेथून ओढ वेगळी लागते, मनगट थोडे जास्त वळवावे लागते. खेळ सुरू करण्यापूर्वी दोरी डोळ्यांसमोर धरून तपासावी, आसापाशी तंतू सुटलेले दिसले तर ती टाकून द्यावी. चार रुपयांची दोरी वाचवण्यासाठी कोणाचा डोळा घालवू नये. गार्ड काढून ठेवणाऱ्यांचे आणि जुनी दोरी चालवणाऱ्यांचे गणित एकच असते.

उभे राहावे, हात मांडीच्या बाजूला, तळहात मागे वळलेला, चक्री मुठीत. हात किंचित मागे नेऊन चक्री सरळ पुढे कमरेच्या उंचीवर सोडावी. ती दोरीच्या टोकाला जाऊन परत येईल. ही फेक आणि पकड शंभर वेळा बिनचूक झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग वळसा. चक्री परत येऊ लागली की हात तिला पकडायला उघडायचा नाही. ती मनगटाच्या आतल्या बाजूने, म्हणजे आपल्या अंगाकडून, जवळून जाऊ द्यायची आणि त्याच वेळी मनगट लहानसे वर्तुळ करून तिला पुन्हा पुढे ढकलायचे. वर्तुळ खरेच लहान, वाटीच्या काठाएवढे. सगळ्यांची चूक एकच होते. मनगटाचे काम खांदा करू लागतो. हात भिरभिरतो, चक्री दर वळशाला वर चढते, आणि तिसऱ्या वळशाला डोक्याच्या उंचीवर येते. आमच्या कचेरीतली ट्यूबलाइट अशीच फुटली. उपाय म्हणून आम्ही कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये घडी केलेले वर्तमानपत्र धरले. वर्तमानपत्र पडले की तो वळसा हिशेबात धरायचा नाही. पुढे ढकलताना चक्रीला किंचित खालच्या दिशेने पाठवावे म्हणजे ती कमरेशी राहते.

उजव्या हाताने आम्हांला पहिल्या आठवड्यात तीन वळसे आले, दोन महिन्यांत चाळीस. येथवर आम्ही खुशीत होतो. डाव्या हाताने सलग दोन वळसे यायला पाच आठवडे लागले. मग बारा आले, आणि बाराच्या पुढे काही जाईना. रोज सकाळी अर्धा तास, महिना गेला, दुसरा गेला, आकडा बारा.

अशा अडलेल्या जागेविषयी अभ्यास झालेला आहे, हे आम्हांला पुढे वाचनात आढळले. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर ह्या दोघांनी १८९७ आणि १८९९ साली तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांची प्रगती आठवड्या-आठवड्याने मोजली. तार घेण्याचे काम शिकताना प्रगतीची रेघ चढते, मग कित्येक आठवडे आडवी पडते, मग एकदम पुन्हा चढते. त्यांचे म्हणणे असे, की त्या आडव्या काळात माणूस सुटी अक्षरे ऐकण्याची सवय अंगी मुरवत असतो. ती पुरती मुरली, की मग तो शब्दच्या शब्द ऐकू लागतो. आमच्याही हाताचे तसेच असावे. आधी आम्ही चक्री बघत होतो, मग मनगट, मग ठोका. प्रत्येक वळसा स्वतंत्र, सुट्या अक्षरासारखा. एके सकाळी कोणाशी तरी बोलता बोलता हात चालू राहिला आणि पोरगा मोजत होता तो म्हणाला, "काका, एकतीस."

दुसरा अभ्यास क्रॉसमन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचा, १९५९ सालचा. त्याने यंत्रावर सिगार करणाऱ्या कामगारांचा दर सिगारीमागचा वेळ मोजला. दोन वर्षे काम केल्यावर, लाखो सिगारी करून झाल्यावरही, तो वेळ थोडाथोडा कमीच होत होता! हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका आठवल्या. पान कातरणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, सारे मांडीवरच्या सुपात, आणि डोळे समोरच्या पोराकडे. किमान वेतनाच्या चर्चेत आम्ही पुष्कळ वर्षे बसलो आहोत. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा तीन पायऱ्या तेथे असतात. समोरची बाजू हटकून म्हणते, 'हे काम कोणालाही आठ दिवसांत येते.' येते, हे खरे आहे. आम्हांलाही उजव्या हाताचे तीन वळसे आठच दिवसांत आले होते. ते काम दिवसाला हजार वेळा, एकसारखे, आजारी असताना, माशी बसली असताना, किती वर्षांनी येते, हे कोणी विचारत नाही. आम्हीही पूर्वी नीट विचारले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. पगारवाढीच्या मागणीत आम्ही महागाईचा आकडा घालत आलो. कसबाचा आकडा कसा घालायचा, ते आम्हांला ठाऊक नव्हते.

दोन्ही हात वेगवेगळे तयार झाले म्हणजे दोन्ही मिळून काम होईल, असे वाटते. तसे होत नाही. दुहाती वळशांत दोन्ही चक्र्या आळीपाळीने जातात. उजवी टोकाला पोचते तेव्हा डावी हातापाशी असते. आता शरीराची खोड पाहा. श्रोत्यांपैकी कोणालाही खुर्चीवर बसल्या बसल्या करता येईल. दोन्ही तर्जन्या समोर धराव्यात आणि दोन्ही एकदम उजवीकडे, एकदम डावीकडे हलवाव्यात, मोटारीच्या काचेवरच्या वायपरप्रमाणे. आता वेग वाढवत न्यावा. एका क्षणी बोटे आपले ऐकत नाहीत आणि एकदम आत, एकदम बाहेर अशी हलू लागतात. केल्सो नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ साली हा प्रयोग काटेकोर मोजमापे करून प्रसिद्ध केला. दोन्ही हातांनी आरशातल्याप्रमाणे एकच हालचाल एकाच वेळी करणे शरीराला आवडते. आळीपाळी ही शिकवावी लागते, आणि घाई झाली की शरीर शिकलेले विसरून जुन्या खोडीवर जाते. दोन्ही चक्र्या एकाच वेळी फेकण्याचाही खेळ आहे, पण तो निराळा.

येथे आम्हांला पुस्तकाने मदत केली नाही, आजोळच्या अंगणाने केली. एका उखळात दोन बायका मुसळ चालवत. एकीचे वर, दुसरीचे खाली, आणि एकमेकींना कधी लागत नसे. लोहाराकडे दोन घणकरी एकाच तापल्या लोखंडावर असेच पाळीपाळीने घण घालत. त्यांतला कोणीही दुसऱ्याच्या घणाकडे बघत नसे. सगळे आवाजावर. आम्ही चक्र्यांकडे बघणे सोडले आणि 'हुं-हां, हुं-हां' असे तोंडाने म्हणू लागलो. 'हुं' उजवीचा, 'हां' डावीचा. वेग मुद्दाम कमी ठेवला. नेहमी डाव्या हाताने सुरुवात करायची, कारण अडणारा हात आधी चालू झाला की चांगला हात त्याला सांभाळून घेतो. उलट केले तर चांगला हात पुढे पळतो. पहिल्या दिवशी दोन जोड्या झाल्या. मग दोऱ्या एकमेकींत गुरफटल्या आणि अर्धा तास सोडवण्यात गेला.

आणि तेव्हा एक नवीच अडचण निघाली. काही मिनिटे खेळले की उजवी चक्री एका तऱ्हेने वागू लागे आणि डावी दुसऱ्या. एक गचके देत भराभर परत येई, दुसरी दोरीच्या टोकाला जाऊन तेथेच लोंबत राही. आम्ही हाताला दोष देत होतो, साहजिकच डाव्या हाताला. पोरगा बाकावरून बघत होता. तो म्हणाला, "काका, हात नाही, दोरी बघा. हिचा पीळ घट्ट होतोय, तिचा सुटतोय."

त्याचे म्हणणे खरे होते. दर वळशागणिक दोरीत एकेक पीळ पडतो किंवा उलगडतो. दोन्ही हातांचा वळसा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटसुलट, पण दोन्ही दोऱ्या कारखान्यातून एकाच बाजूला पिळलेल्या. म्हणून एका हाताचे वळसे पीळ वाढवतात, दुसऱ्याचे काढून टाकतात. पीळ वाढला की खालचा फासा आसाला आवळतो. पीळ सुटला की दोरीचे पदर अलग होतात, फासा सैलावतो आणि चक्रीला पकडत नाही. यावर साधा उपाय म्हणजे चक्री दोरीवर लोंबकळत सोडावी, ती स्वतःभोवती फिरून पीळ सारखा करून घेते. पण पोरगा म्हणाला, "थांबायला कशाला पाहिजे? दोघींची अदलाबदल करा. इकडची तिकडे गेली की चढलेला पीळ आपोआप उतरेल." आणि तो उठला. आमच्या उजव्या हाताचा फास सोडवायचा म्हणजे त्याला दोन हात हवेत. त्याने दोन्ही हातांनी तो सोडवला, डाव्याचाही सोडवला, दोऱ्या बदलून परत चढवल्या. आम्ही काही बोललो नाही. बोललो असतो तर हात पुन्हा खिशात गेला असता.

प्रेसवर आठ महिने काम केलेल्या त्या मुलाला हजेरीपटावर जागा नव्हती. पण धातूची पट्टी कोणत्या बाजूने ताण घेते, हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक होते, आणि तोच डोळा दोरीवर चालला.

दुसऱ्या आठवड्यापासून त्याने स्वतःची चक्री मागितली. मधल्या बोटात फास बसेना. आम्ही आमची मुळाच्या पेराची युक्ती सांगितली, ती त्याला पटली नाही. त्याने फास अनामिकेत घातला. तसे कोणी शिकवत नाही. पण अनामिका शाबूत होती, आणि काम तर मनगटाचेच. दोन महिने तो नुसती फेक आणि पकड करत राहिला. पकडताना उरलेल्या बोटांवर चक्री आपटे, तेथे कातडी अजून नाजूक होती. त्याने हातमोज्याचा तुकडा कापून शिवून घेतला. आम्ही रबरी चेंडू खणातून काढून नातीला देऊन टाकला.

आज आमच्या दुहाती जोड्या सलग नऊ होतात, क्वचित अकरा. जपानचा शिंजी साइतो ह्या प्रकारातला अनेक वेळचा जगज्जेता आहे. त्याच्या चित्रफिती आम्ही मोबाइलवर पाहतो तेव्हा त्याच्या चक्र्या दिसतच नाहीत, हवेत नुसती दोन चक्रे उभी असल्यासारखी वाटतात. त्याच्याशी तुलना करण्याचा प्रश्न नाही. पोऱ्याचे उजव्या हाताचे वळसे चोवीस झाले आहेत. आम्ही त्या हाताने शिकताना जेवढ्या दिवसांत चोवीसला आलो होतो, त्यापेक्षा त्याला तीन महिने जास्त लागले. डावा त्याचा आमच्याहून पुष्कळ चांगला आहे, आणि तो ते बोलूनही दाखवतो. जोडी अजून त्याला जमत नाही. 'हुं-हां' म्हणायला तो लाजतो.

मागच्या तारखेला समोरच्या वकिलांनी अर्जदाराचा हात बघायला मागितला. पोऱ्याने तो टेबलावर ठेवला. उलटा करून दाखवला, सुलटा करून दाखवला, आणि कोणत्या बोटाचे किती पेर ते विचारण्याआधी सांगितले. पुढली तारीख ह्या महिन्याच्या अखेरीस आहे. पुकारा व्हायला दुपार होते, म्हणून आम्ही दोन्ही चक्र्या आणि चार जादा दोऱ्या पिशवीत टाकून नेणार आहोत. तेथला व्हरांडा लांब आहे आणि छत चांगले उंच आहे.